घरगुती रक्तदाबमापक : पट्ट्याचे माप पाहूनच घ्यावे

उच्च रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण न दाखवता रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करत राहतो, तिथे चरबीचे थर साचतात आणि कित्येकांना पहिली जाणीव होते ती थेट हृदयविकाराच्या झटक्याने किंवा पक्षाघाताने. म्हणूनच दंडावर पट्टा बांधून मोजणारे डिजिटल यंत्र आम्ही घरी आणले. त्याचे आकडे ठळक आहेत आणि जुन्या नोंदी साठवल्या जातात.

पट्ट्याविषयी मात्र तक्रार आहे. सोबत आलेला पट्टा वडिलांच्या जाड दंडाला तोकडा पडत होता आणि तोकड्या पट्ट्याने रक्तदाब प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो. मोठा पट्टा वेगळा मागवल्यावरच आकडे डॉक्टरांच्या मोजणीशी जुळू लागले. ही सूचना माहितीपत्रकात इतक्या बारीक अक्षरांत का छापावी?

मोजण्यापूर्वी ५ मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसावे आणि दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा. त्याआधीचा अर्धा तास चहा, कॉफी व धूम्रपान टाळावे. घरच्या नोंदींची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक येत असेल, तर त्या डॉक्टरांना दाखवाव्यात. नाडी अनियमित असल्यास पडद्यावर खूण उमटते, ही सोय मला मोलाची वाटते, पण निदानासाठी ईसीजीच लागतो. छातीत दाब, घाम किंवा दम जाणवल्यास मात्र यंत्र लावत न बसता तातडीने रुग्णालय गाठावे, कारण झटक्याच्या वेळीही रक्तदाब सामान्य दिसू शकतो.