जोन हिक्सन यांची ‘मिस मार्पल’: बारा रहस्यकथांचा डीव्हीडी संच

अगाथा ख्रिस्ती यांनी मिस मार्पल या खेड्यात राहून खुनांचा छडा लावणाऱ्या वृद्ध अविवाहितेवर एकूण बारा कादंबऱ्या लिहिल्या आणि बीबीसीने १९८४ ते १९९२ या काळात त्या बाराही छोट्या पडद्यावर आणल्या. प्रत्येक कथेत मिस मार्पलची भूमिका जोन हिक्सन यांनीच केली. या सगळ्या कथा एकत्र असलेला डीव्हीडी संच मी नुकताच ओळीने पाहून संपवला. रहस्यकथा म्हणून त्याची ओळख बहुतेकांना असेलच, पण मला तो एका चरित्र अभिनेत्रीच्या कारकिर्दीचा शेवटचा आणि सर्वांत भरीव अध्याय म्हणून अधिक मोलाचा वाटतो.

हिक्सनबाईंचा जन्म १९०६ सालचा, नॉर्दम्प्टनजवळच्या किंग्सथॉर्पचा. लंडनच्या ‘राडा’ या नाट्यशिक्षण संस्थेत शिकून त्या विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस रंगभूमीवर आल्या आणि पुढची पन्नासहून अधिक वर्षे घरमालकिणी, मोलकरणी, परिचारिका, खवचट शेजारणी आणि विसरभोळ्या आत्या करत राहिल्या. ‘सेव्हन डेज टू नून’ या १९५० च्या चित्रपटात भाडेकरूचा संशय येणारी घरमालकीण, ‘कॅरी ऑन नर्स’मध्ये रुग्णालयातली सिस्टर, साठच्या दशकातल्या ‘अवर मॅन ॲट सेंट मार्क्स’ या मालिकेत पाद्र्याचे घर सांभाळणारी बाई, अशी ही यादी फार लांबते. श्रेयनामावलीत नाव बहुधा खालच्या ओळींत असे आणि प्रेक्षक चेहरा ओळखत, नाव नाही. सन्मान आला तोही उशिरा. ॲलन एकबर्न यांच्या ‘बेडरूम फार्स’ या नाटकात पलंगावर बसून टोस्टवर मासे खाणाऱ्या वयस्क जोडप्यातली डेलिया त्यांनी न्यूयॉर्कमध्ये साकारली आणि १९७९ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, सहाय्यक भूमिकेसाठी टोनी हा अमेरिकी रंगभूमीचा मानाचा पुरस्कार मिळवला. १९८१ मध्ये बीबीसीच्याच ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ या डिकन्सच्या कादंबरीवरील मालिकेत त्या मिस हॅविशॅम झाल्या. ‘द बॉडी इन द लायब्ररी’ ही मार्पल मालिकेतली पहिली कथा १९८४ च्या नाताळात प्रसारित झाली, तेव्हा त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर होते.

ही निवड अचानक झालेली नव्हती. चाळीसच्या दशकात ख्रिस्ती यांच्याच ‘अपॉइंटमेंट विथ डेथ’ या नाटकात हिक्सनबाई काम करत असताना, आपल्या लाडक्या मिस मार्पलची भूमिका तुम्ही कधीतरी कराल अशी आशा आहे, अशा आशयाची चिठ्ठी लेखिकेने त्यांना पाठवली होती. त्या वेळी हिक्सनबाई जेमतेम चाळिशीच्या होत्या, त्यामुळे त्यांच्यातली म्हातारी ख्रिस्ती यांना आधीच दिसली असे म्हणायला हरकत नाही. ती आशा खरी झालेली पाहायला मात्र ख्रिस्ती राहिल्या नाहीत. १९७६ मध्ये त्यांचे निधन झाले.

संच पाहताना सतत जाणवत राहते ते असे की मिस मार्पल हे पात्रच मुळी दुय्यम भूमिकेतले आहे. खोलीत कर्नल असतात, जमीनदार असतात, पोलीस निरीक्षक असतात, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर लोकर विणत बसलेल्या म्हातारीकडे कोणी लक्ष देत नाही. तिच्या यशाचे गमक नेमके तेच आहे. ज्या अभिनेत्रीने अर्धशतक चौकटीच्या कडेला उभे राहून मध्यभागी बोलणाऱ्यांकडे पाहण्याचे काम केले, तिला हे शिकवावे लागले नाही. हिक्सनबाईंची मार्पल गोड नाही आणि विनोदीही नाही. तिचे निळसर डोळे समोरच्यावर क्षणभर टिकतात आणि पुन्हा विणकामाकडे वळतात. सुया थांबल्या की प्रेक्षकाने सावध व्हावे. वाक्य अर्धवट सोडण्याची, बोलता बोलता गावातल्या कुठल्याशा पोराच्या लबाडीची आठवण काढण्याची लकब त्यांनी अशी वापरली आहे की ती बावळट बडबड आहे की डाव आहे, हे ऐकणाऱ्याला कळू नये. निरीक्षक स्लॅक यांच्या भूमिकेत डेव्हिड हॉरोविच यांचा वाढत जाणारा वैताग हा या पाहण्याचा उत्तम जोडीदार ठरतो.

बारांपैकी ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ मला सर्वांत सरस वाटते. युद्धानंतरचे रेशनिंग, घरटी कोळशाची काटकसर, ज्यांची खरी ओळख कोणालाच ठाऊक नाही असे नवे शेजारी, हे सारे त्यात रहस्याला चिकटवलेले नाही. रहस्य त्यातूनच उगवते. त्यात ‘कॅरी ऑन’ चित्रपटांतल्याच जोन सिम्स मिस मर्गट्रॉइड म्हणून दिसतात, आणि विनोदी चित्रपटांच्या त्या गजबजाटातून आलेल्या दोन अभिनेत्री इथे किती हळुवार काम करतात हे पाहून थक्क व्हायला होते. मिस मार्पल एकाकी आणि भित्र्या डोरा बनरशी चहा घेताना ज्या ममतेने बोलते, त्या प्रसंगात चौकशीही चालू असते आणि कणवही खरी असते. ‘नेमेसिस’मध्ये हीच बाई न्यायाची देवता म्हणून कठोर होते, तेव्हा आवाज चढत नाही, उलट उतरतो. ‘द मर्डर ॲट द व्हिकरेज’ आणि ‘स्लीपिंग मर्डर’ चांगल्या आहेत. ‘दे डू इट विथ मिरर्स’ मात्र मला रेंगाळलेली वाटली, आणि बार्बाडोसमध्ये चित्रित झालेल्या ‘अ कॅरिबियन मिस्ट्री’त उन्हाने गावाची ती दबलेली कुजबुज विरून जाते. मिस मार्पलचे काल्पनिक गाव सेंट मेरी मीड म्हणून दाखवलेले हॅम्पशायरमधले नेदर वॉलप हे गाव खरे तर या मालिकेतले दुसरे मुख्य पात्र आहे, त्यामुळे कथा गावाबाहेर गेली की काहीतरी हरवते.

संच विकत घेणाऱ्यांसाठी एक सूचना. प्रसारणाच्या क्रमाने पाहू नये. ‘नेमेसिस’ १९८७ मध्ये आली आणि ‘अ कॅरिबियन मिस्ट्री’ १९८९ मध्ये, पण कादंबऱ्यांचा क्रम उलटा आहे. परिणामी जे मिस्टर रॅफिएल ‘नेमेसिस’मध्ये मृत्यूनंतर मिस मार्पलवर कामगिरी सोपवतात, तेच दोन वर्षांनी वेगळ्या नटाच्या रूपात कॅरिबियनच्या किनाऱ्यावर जिवंत भेटतात. आधी कॅरिबियन, मग नेमेसिस, असे पाहिल्यास त्या मैत्रीला अर्थ येतो.

तांत्रिक बाजूही सांगायला हवी. चित्र जुन्या दूरदर्शन संचांच्या चौकोनी मापाचे आहे, त्यामुळे आजच्या रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. ते ताणून भरण्याचा मोह टाळावा. डीव्हीडी जगाच्या ठरावीक विभागांपुरत्या बांधलेल्या असतात; ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या डीव्हीडी विभाग दोनच्या असतात आणि भारत विभाग पाचमध्ये येतो, म्हणून साध्या भारतीय प्लेअरवर त्या चालत नाहीत. माझ्या विक्रेत्याने हे सांगितले नव्हते आणि सर्व विभागांच्या डिस्क वाचणारा प्लेअर शोधण्यात माझा आठवडा गेला. कथांची गतीही आजच्या मानाने संथ आहे. दर दहा मिनिटांनी धक्का हवा असलेल्या प्रेक्षकाने या संचावर पैसे घालू नयेत. ख्रिस्ती यांच्या कादंबऱ्या मराठी अनुवादांतून वाचलेल्या आणि खुनी कोण हे आधीच ठाऊक असलेल्या वाचकांचे मात्र काहीच बिघडत नाही. उत्तर माहीत असताना हिक्सनबाईंची नजर नेमकी केव्हा कुठे वळते, हे पाहण्यात अधिक मजा आहे.

शेवटची कथा, ‘द मिरर क्रॅक्ड’, १९९२ च्या डिसेंबरमध्ये दाखवली गेली. त्या वेळी हिक्सनबाई शहाऐंशी वर्षांच्या होत्या. चाल मंदावलेली दिसते, पण नजर नाही.

संच संपल्यावर ‘मर्डर, शी सेड’ हा १९६१ चा चित्रपट स्वतंत्रपणे मिळवून पाहावा. याच संचातल्या ‘४.५० फ्रॉम पॅडिंग्टन’चेच ते रूपांतर असून त्यात मार्पल झाल्या आहेत मार्गारेट रदरफोर्ड, धिप्पाड, उत्साही आणि मोकळ्या विनोदाच्या. त्या मोलकरणीच्या वेशात ज्या मोठ्या घरात शिरतात, त्या घरातल्या मिसेस किडरची छोटीशी भूमिका जोन हिक्सन यांनी केली आहे. सव्वीस वर्षांनी, १९८७ मध्ये, त्याच कथेत त्या स्वतः मिस मार्पल म्हणून आल्या.