जिंकगोची नवी डबी आली आणि डोकं फिरलं

गेल्या गणपतीपासून मी जिंकगो बायलोबा या झाडाच्या पानांच्या कॅप्सूल घेत होते, स्मरणशक्ती आणि रक्ताभिसरणासाठी विकतात त्या. त्याबद्दल काही लिहायचा विचार नव्हता, पण गेल्या आठवड्यात आलेल्या डबीनं लिहायला लावलं. डबी तीच, वरचं पंख्यासारखं हिरवं पान तेच, किंमत पन्नास रुपयांनी जास्त. मागं बारीक अक्षरांत आधी "पानांचा अर्क, 24 टक्के फ्लेव्होन ग्लायकोसाइड्स, 6 टक्के टर्पीन लॅक्टोन्स" असं छापलेलं असायचं. आता तिथं नुसतं "जिंकगो पानांची पावडर". चष्मा पुसून परत वाचलं, तरी पावडरच.

हे 24 आणि 6 म्हणजे पानातल्या दोन मुख्य घटकांचं प्रमाण, काही शोभेचे आकडे नव्हेत. जर्मनीतल्या श्वाबे कंपनीचा ईजीबी 761 नावाचा अर्क या प्रमाणाचा असतो, आणि ज्या मोठमोठ्या चाचण्यांचे दाखले विक्रेते देतात त्यातल्या बहुतेक त्याच अर्कावर झालेल्या आहेत. साधारण पन्नास किलो सुकी पानं घातली की एक किलो अर्क निघतो. म्हणजे 120 मिलिग्रॅम पावडर खाल्ली तर अर्काच्या हिशेबानं अडीच मिलिग्रॅमसुद्धा पोटात जात नाही. माझी नोकरी बँकेत व्याज काढण्यात गेली, त्यामुळं याला कागद लागला नाही. आणि ते 120 सुद्धा दोन कॅप्सूल मिळून! पुढं ठळक 120, मागं "प्रति सर्व्हिंग दोन नग". दोन महिन्यांची वाटलेली डबी महिन्यात संपते ती अशी.

बरं, पावडर नुसती कमजोर असती तर पैसे गेले म्हणून सोडून दिलं असतं. पण पानात जिंकगोलिक आम्लं असतात, त्यांनी ॲलर्जी होऊ शकते. चांगल्या अर्कात ती काढून टाकून दहा लाखांत पाच भागांच्या खाली आणतात. पावडरीत ती कोण काढणार? ही आम्लं काजूच्या टरफलातल्या चिकाच्याच जातीची. आजरा-चंदगडकडं काजू फोडणाऱ्या बायकांचे हात ज्यांनी बघितलेत त्यांना जास्त सांगायला नको.

आता परिणामाकडं येते. मला हे जावईबापूंनी पुण्याहून पाठवलं. "आई, रक्ताभिसरणाला चांगलं असतं, मेंदूलाही." चालताना माझी पोटरी धरायची. इथं कोल्हापुरात रंकाळा टॉवरपासून निघालं की संध्यामठ यायच्या आत कठड्यावर बसावं लागायचं. डॉक्टरांनी पायाची नाडी बघून ती जरा मंद आहे म्हणाले, साखर सांभाळा आणि रोज चाला. दुखलं की थांबायचं, उतरलं की परत चालायचं. कॅप्सूल आणि चालणं एकदमच सुरू झालं. दिवाळीनंतर शालिनी पॅलेसपर्यंत न बसता जायला लागले. तेव्हाच लिहिलं असतं तर चार स्टार दिले असते, आणि भिशीतल्या दोघींना घ्यायलाही लावलं असतं.

मग दाढ काढायची वेळ आली. दातांची डॉक्टर पोरीच्या वयाची, पण हुशार. "काकू, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का?" मी नाही म्हटलं. "आयुर्वेदिक, सप्लिमेंट काही?" जिंकगोचं नाव काढल्याबरोबर तिनं हातातला आरसा ट्रेमध्ये ठेवला. पानातलं जिंकगोलाइड बी हे रक्तातल्या चकत्या (प्लेटलेट्स) एकत्र चिकटवणाऱ्या एका घटकाला अडवतं, त्यामुळं रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून आधी बंद करा, तारीख पुढची घेऊ. माझ्या घरी आमच्या यांची ॲंजिओप्लास्टी झालेली, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करायच्या गोळ्या रोज चालू. त्याच दिवशी घरी येऊन डबी त्यांच्या औषधांच्या फळीवरनं काढली आणि पिठाच्या डब्यामागं ठेवली. डबीवर याबद्दल एक ओळ नाही! "औषधी वापरासाठी नाही" एवढं मात्र आहे, आणि त्याच्याच वर "स्मरणशक्ती व रक्ताभिसरण". दोन्ही एकाच डबीवर छापायला काहीच कसं वाटत नाही?

दाढेच्या निमित्तानं बरेच दिवस कॅप्सूल बंद राहिल्या. चालणं चालूच. शालिनी पॅलेस काही लांब गेला नाही, पोटरी परत धरली नाही. तिथं माझे दोन स्टार गळाले. मग शोधून वाचलं. पायाच्या अशा दुखण्यावरच्या जिंकगोच्या सगळ्या चाचण्यांचा, कोक्रेन या औषधचाचण्या तपासणाऱ्या संस्थेचा आढावा 2013 चा आहे. जिंकगोनं चालायचं अंतर कामाला येईल एवढं वाढत नाही, असा त्याचा निष्कर्ष. चालण्यानं मात्र वाढतं, आणि चालायला डिलिव्हरी चार्ज नाही.

डोक्याचं थोडक्यात. नावं आठवायला वेळ लागतो तो लागतोच. अमेरिकेत 75 च्या पुढच्या 3069 जणांवर सुमारे सहा वर्षं चाचणी झाली, रोज 240 मिलिग्रॅम चांगला अर्क देऊन. निकाल 2008 साली आला: स्मृतिभ्रंश जिंकगोवाल्यांत 277 जणांना, नुसत्या बिनऔषधी गोळीवाल्यांत 246 जणांना. फ्रान्समधल्या 2012 च्या चाचणीतही टळला नाही. स्मृतिभ्रंश आधीच झालेल्यांना 240 च्या डोसनं थोडा फरक पडल्याचं काही चाचण्या सांगतात, तो भाग डॉक्टरांच्या देखरेखीचा. माझ्यासारखीला किल्ली कुठं ठेवली हे आठवण्यासाठी त्याचा उपयोग नाही.

एवढं कळल्यावर नवी डबी मागवली कशाला, असं विचाराल. मागवली नाही. महिन्याचं सबस्क्रिप्शन जावईबापूंच्या खात्यावर होतं, ते बंद करायच्या आत निघालेली ती डबी.

कस्टमर केअरला दोन्ही लेबलांचे फोटो पाठवले. उत्तर आलं, "मॅम, फॉर्म्युला अधिक नैसर्गिक केला आहे." म्हटलं, मग किंमतही नैसर्गिक करा. सील फोडलंय म्हणून परत घेणार नाही म्हणाले. फोडल्याशिवाय आतलं कसं बघणार? लेबल बदलल्याचं ऑर्डरच्या पानावर कुठंच नव्हतं, तिथं अजून जुन्याच लेबलचा फोटो आहे. तो स्क्रीनशॉट काढून ठेवलाय आणि 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवलीय. त्यानंतर कंपनीचा सूर बदलला. पैसे परत नाहीत, पण पुढच्या खरेदीवर वीस टक्क्यांचं कूपन पाठवलंय. पैसे परत येईपर्यंत एक स्टार, कूपन मी वापरणार नाही.