जास्तीच्या अंड्यांचं काय करावं: स्पंज केक की भाजलेलं कस्टर्ड?

कोंबड्या भरात आल्या की अंडी साठत जातात, आणि घरच्या कोंबडीचं अंडं वाया जाणं मला तरी बघवत नाही. ओव्हन असेल तर दोन चांगले मार्ग आहेत.

स्पंजला 4 अंडी, 120 ग्रॅम साखर आणि 120 ग्रॅम मैदा पुरतो. केक फुगतो तो अंड्यांत घुसळलेल्या हवेवर, बेकिंग पावडर लागत नाही. मात्र घरच्या अंड्यांचा आकार सारखा नसतो. लहान कोंबडीची 4 अंडी म्हणजे बाजारातली जेमतेम 3. म्हणून अंडी फोडून वजन करा: कवचाशिवाय साधारण 200 ग्रॅम हवीत. अगदी ताज्या अंड्यांचा पांढरा भाग घट्ट असतो, फेसायला वेळ घेतो. फ्रिजमधली अंडी आधी बाहेर काढून ठेवा, कोमट झाली की फेस पटकन धरतो.

कस्टर्डला इतकी मोजमाप लागत नाही. अर्धा लिटर दुधाला 4 अंडी. एखादं लहानमोठं निघालं तरी चालतं, शिल्लक पिवळा बलकही खपतो. फक्त आच मंद हवी. भांडं गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून 150 ते 160 अंशांवर भाजा, नाहीतर अंडं आवळतं आणि पाणी सुटतं.

टिकण्यात मात्र स्पंज सरस. नीट गुंडाळून फ्रीझरमध्ये तो दोन महिने सहज राहतो. कस्टर्ड फ्रिजमध्येही दोन-तीन दिवसांतच संपवावं लागतं. टोपली भरली असेल तर मी एकाच दिवशी दोन स्पंज भाजून ठेवीन. घरात पाहुणे असतील, तर कस्टर्डच.