ई-इंक की टॅब? सोलापूरच्या उन्हात ठरवलेलं

सोलापूरचं एप्रिलमधलं ऊन म्हणजे पडद्याची खरी परीक्षा. सिद्धेश्वर तलावाच्या काठावर सकाळी ९ वाजता टॅब उघडला, तर कादंबरीऐवजी स्वतःचाच घामेजलेला चेहरा दिसतो. ई-इंकचं, म्हणजे किंडलसारख्या फक्त पुस्तकं वाचायच्या यंत्रावरच्या पडद्याचं, उलटं. आत काळे-पांढरे सूक्ष्म कण, पडद्याला वीज लागते ती फक्त पान उलटताना. अक्षर कागदासारखं बाहेरच्या उजेडावर दिसतं, म्हणून ऊन जितकं कडक तितकं ते ठसठशीत. चार्जिंगची आठवण आठवड्यांनी होते. हुतात्मा एक्सप्रेसमध्ये प्लगसाठी भांडायला नको.

पण माझ्याकडची निम्मी मराठी पुस्तकं म्हणजे जुन्या छपाईच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ. ६ इंची ई-इंकवर जोडाक्षरं मुंगीएवढी. मोठं करायला जावं तर अर्धी ओळ बाहेर, आणि सरकवलं की पडदा लुकलुकतो. वैताग नुसता! इथे १० इंची टॅब सरळ जिंकतो. पोरांची रंगीत चित्रांची पुस्तकंही त्याच्यावरच.

फक्त टॅबवर तिसऱ्या पानाला व्हॉट्सॲप वाजतं आणि मामेभावाच्या लग्नाचे फोटो बघण्यात तास जातो. कादंबरीसाठी मी ई-इंकच घेईन. स्पर्धा परीक्षेच्या नोट्स असतील तर टॅब.