डिजिकॅम: घरच्या छायाचित्रांची नावे छायाचित्रांतच ठेवणारे सॉफ्टवेअर

घरातील छायाचित्रे आता एका जागी नसतात. काही जुन्या लॅपटॉपवर असतात, काही दोन-तीन पेन ड्राइव्हवर, काही फोनमध्ये, काही नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप समूहात. आणि आजोबांच्या अल्बममधून स्कॅन केलेल्या प्रतींचे फोल्डर तिसऱ्याच हार्ड डिस्कवर असते. ती सगळी एकत्र आणणे कष्टाचे असले तरी अवघड नाही. अवघड काम त्यानंतरचे आहे: या मुंजीत बटूच्या मागे उभ्या असलेल्या बाई कोण, हा वाडा कोणत्या गावचा, हे वर्ष कोणते, ही माहिती प्रत्येक छायाचित्राला जोडणे. हे काम महिनोन्‌महिने चालते आणि त्यासाठी घरातील वडीलधाऱ्यांची स्मरणशक्ती खर्ची पडते. म्हणून अशा कामासाठी सॉफ्टवेअर निवडताना त्याची मांडणी किती देखणी आहे यापेक्षा आपण लिहिलेली नावे नेमकी कुठे साठवली जातात, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. या कसोटीवर डिजिकॅम हे विनामूल्य सॉफ्टवेअर मला सर्वांत विश्वासार्ह वाटते.

हा प्रश्न किती खरा आहे, हे पिकासाच्या उदाहरणावरून कळते. गूगलने २००४ मध्ये घेतलेले हे सॉफ्टवेअर अनेक घरांत वापरात होते आणि चेहऱ्यांना नावे देण्याची त्याची सोय खरोखर चांगली होती. मात्र मार्च २०१६ मध्ये गूगलने त्याला आधार देणे थांबवले. ती नावे मूलतः पिकासाच्या स्वतःच्या नोंदींमध्ये राहत असत. छायाचित्राच्या फाइलमध्ये ती लिहिण्याचा पर्याय वेगळा निवडावा लागे. ज्यांनी तो निवडला नव्हता, त्यांच्या छायाचित्रांच्या फाइली शाबूत राहिल्या, पण नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर त्यांतली माणसे निनावी झाली. २०१५ मध्ये आलेले गूगल फोटोज शोधण्याच्या बाबतीत फारच पुढे गेले आहे. ‘समुद्र’ किंवा ‘वाढदिवस’ एवढे लिहिले तरी ते बरोबर छायाचित्रे समोर ठेवते. परंतु तेथे दिलेली चेहऱ्यांची नावे छायाचित्राच्या फाइलमध्ये लिहिली जात नाहीत. तेथून संपूर्ण संग्रह उतरवून घेतला तर नंतर बदललेल्या तारखा आणि लिहिलेली वर्णने वेगळ्या फाइलींमध्ये मिळतात व ती पुन्हा जोडत बसावे लागते. शिवाय १ जून २०२१ पासून तेथील अमर्याद विनामूल्य साठवण बंद झाली असून मेल आणि इतर फाइली धरून १५ जीबीपर्यंतच जागा मोफत मिळते.

डिजिकॅम हे केडीई या मुक्तस्रोत (कोड सर्वांना खुला ठेवणाऱ्या) समुदायाचे सॉफ्टवेअर आहे. ते दोन दशकांहून अधिक काळ सातत्याने विकसित होत आले आहे आणि विंडोज, मॅकओएस व लिनक्स या तिन्हींवर चालते. त्यातील अल्बम म्हणजे आपल्या डिस्कवरचे प्रत्यक्ष फोल्डरच असतात. छायाचित्रे कोठल्या बंदिस्त संग्रहात ओढून नेली जात नाहीत. पहिल्यांदा सुरू करताना ते संग्रहाचा फोल्डर विचारते आणि पुढे माहिती फाइलींमध्येही लिहायची का, असा प्रश्न करते. त्याला होकार द्यावा. डिजिकॅमवरचा माझा सगळा विश्वास या एका होकारावर उभा आहे, कारण नकार दिल्यास नावे केवळ डिजिकॅमच्या डेटाबेसमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या नोंदसंग्रहात, राहतात आणि पिकासाचीच गत पुन्हा होते.

होकार दिल्यावर काय घडते, हे समजून घेण्यासारखे आहे. छायाचित्राच्या फाइलमध्ये चित्राबरोबरच माहितीसाठी जागा राखलेली असते. कॅमेरा, तारीख, स्थानाचे अक्षांश-रेखांश हे एक्झिफ या साच्यात जाते. वर्णने आणि विषयशब्द यांसाठी वृत्तसंस्थांच्या जगातून आलेला आयपीटीसी हा जुना साचा आहे. आणि २००१ मध्ये अडोबीने आणलेला एक्सएमपी हा त्या मानाने नवा व अधिक लवचिक साचा आहे. देवनागरीत लिहिणाऱ्यांनी एक्सएमपीवरच भिस्त ठेवावी. आयपीटीसीमध्ये एका विषयशब्दाला ६४ बाइटांची मर्यादा आहे आणि अक्षरे संगणकात साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, त्यामुळे काना-मात्रा धरून जेमतेम २१ चिन्हे मावतात; ‘लक्ष्मीबाई’सारखे नाव मधले नाव आणि आडनावासह लिहिले की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. एक्सएमपीला असे बंधन नाही. डिजिकॅम चेहऱ्याची चौकटसुद्धा एक्सएमपीच्या सर्वमान्य पद्धतीने लिहिते, म्हणजे चित्रातील कोणत्या भागात कोण आहे हेही फाइलबरोबर जाते. आपली माहिती खरोखर फाइलमध्ये उतरली का, याची खात्री करण्यासाठी एखादे जेपीजी छायाचित्र विंडोजमध्ये निवडून त्याचे गुणधर्म उघडावेत. टॅगच्या, म्हणजे विषयशब्दांच्या, ओळीत मराठी नावे दिसली की काम पक्के झाले.

टॅगची रचना झाडासारखी करता येते: व्यक्ती, प्रसंग, स्थळ अशा मुख्य फांद्या आणि त्यांखाली उपफांद्या. येथे एक सावधगिरी हवी. इतर अनेक सॉफ्टवेअर फक्त शेवटचा शब्द वाचतात, वरची फांदी वाचत नाहीत. म्हणून ‘गणपती’ या टॅगखाली नुसते ‘कोकण’ असे लिहिण्याऐवजी शेवटचा शब्द एकटा वाचला तरी अर्थ लागेल असा ठेवावा. टॅग दरवेळी नव्याने टंकलिखित न करता सुचवलेल्या यादीतून निवडावा, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. ‘ॲ’ हे अक्षर काही कळफलक एकच चिन्ह म्हणून लिहितात, तर काही ‘अ’ आणि चंद्र जोडून. ‘कुऱ्हाडे’मधला अर्धा र सुद्धा एकाहून अधिक प्रकारे लिहिला जातो. डोळ्यांना सारखे दिसणारे दोन टॅग संगणकाच्या लेखी वेगळे ठरतात आणि निम्मी छायाचित्रे शोधात येत नाहीत.

व्यक्तींच्या फांदीविषयी सर्वाधिक विचार करावा, कारण आपल्या कुटुंबांची नावे साधी नाहीत. ‘आत्या’, ‘काकू’, ‘मामा’ हे टॅग म्हणून निरुपयोगी आहेत. एकाची आत्या ती दुसऱ्याची मावशी किंवा आई असते, आणि संग्रह पुढच्या पिढीच्या हाती गेला की नात्याचा केंद्रबिंदूच बदलतो. ‘नाना’ आणि ‘ताई’ तर प्रत्येक शाखेत एकेक निघतात. लग्नात नाव बदललेल्या स्त्रियांचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. माहेरच्या छायाचित्रांना एक टॅग आणि सासरच्या छायाचित्रांना दुसरा दिला, तर एकाच बाईचे आयुष्य दोन तुकड्यांत विभागले जाते. माझ्या मते एका व्यक्तीला एकच टॅग असावा आणि त्यात पूर्ण नावानंतर माहेरचे नाव व घरातील हाक लिहावी. म्हणजे कोणत्याही नावाने शोधले तरी तीच व्यक्ती सापडते. डिजिकॅममध्ये टॅगचे नाव पुढे कधीही बदलता येते आणि तो बदल सर्व छायाचित्रांना लागू होतो, त्यामुळे आधी अपुरे नाव लिहून नंतर चुलतआजीकडून कळले की पूर्ण करणेही शक्य आहे.

चेहरे ओळखण्याची सोय जुलै २०२० मधील ७.० या आवृत्तीपासून न्यूरल नेटवर्कवर (उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय रचनेवर) आधारित आहे आणि पुढच्या आवृत्त्यांत ती सुधारत गेली आहे. त्यासाठीच्या फाइली एकदा उतरवून घ्याव्या लागतात. त्यानंतर सगळी ओळख आपल्याच संगणकावर होते, एकही छायाचित्र बाहेर पाठवले जात नाही. घरातील मुलाबाळांचे चेहरे ज्यांना परक्या सर्व्हरवर द्यायचे नाहीत, त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. सॉफ्टवेअर चेहरे शोधते, प्रत्येकाचे अंकांत रूपांतर करून आधी नावे दिलेल्या चेहऱ्यांशी ताडून पाहते आणि नाव सुचवते. आपण मान्यता देईपर्यंत ते नाव ‘अपुष्ट’ राहते आणि फाइलमध्ये लिहिले जात नाही, ही शिस्त मला फार योग्य वाटते. तान्हे बाळ आणि तेच बाळ वयाच्या विसाव्या वर्षी, किंवा तरुणपणीची आई आणि आजची मुलगी, यांत यंत्राचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे. म्हणून एकेका व्यक्तीचे वेगवेगळ्या वयांतले काही चेहरे आधी हाताने नावनिशी नोंदवावेत आणि मगच ओळखण्याचे काम यंत्रावर सोपवावे. पिवळसर पडलेल्या समूहचित्रांत, जिथे चेहरा करंगळीच्या नखाएवढा असतो, तिथे चौकट स्वतःच काढावी लागते.

तारखांचे काम यापेक्षा रूक्ष आहे, पण टाळता येत नाही. स्कॅन केलेल्या छायाचित्राला सहसा स्कॅनची तारीख चिकटते, त्यामुळे आजीचे लग्न गेल्या वर्षीचे दिसते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या छायाचित्रांतून मूळ तारीख काढून टाकलेली असते. फाइलच्या नावात जी तारीख दिसते ती बहुधा छायाचित्र काढल्याची नसून पाठवल्या-मिळाल्याची असते. डिजिकॅममधील वेळ दुरुस्त करण्याचे साधन शेकडो फाइलींची तारीख एकदम बदलते, नावावरून तारीख उचलते आणि कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे लावलेले असल्यास तेवढ्याच फरकाने सगळ्यांच्या वेळा सरकवते. एक उणीव मात्र जाणवते. केवळ ‘१९६८’ एवढेच ठाऊक असेल तर तेवढेच लिहिता येत नाही, पूर्ण दिनांक द्यावा लागतो. अशा वेळी १ जानेवारी १९६८ असे लिहून सोबत ‘तारीख अंदाजे’ असा टॅग जोडावा, नाहीतर पुढचा वाचक तो दिनांक खरा मानेल.

सारखी दिसणारी छायाचित्रे शोधण्याची सोय नाव आणि आकार वेगळे असले तरी जुळ्या प्रती पकडते. व्हॉट्सॲपवरची आखूड प्रत काढून मूळ मोठी प्रत ठेवणे त्यामुळे सोपे होते.

दोष सांगायचे तर डिजिकॅम पहिल्या भेटीत मन जिंकणारे सॉफ्टवेअर नाही. पडद्याच्या चारही बाजूंना पट्ट्या आणि बटणे आहेत, पर्यायांची पाने लांबलचक आहेत आणि छायाचित्रणाचा व्यवसाय करणाऱ्यांसाठीची अनेक साधने घरगुती वापरात मध्ये येतात. फोनसाठी त्याचे ॲप नाही. एकाच वेळी दोन जणांनी एकाच संग्रहावर काम करण्याची व्यवस्था नाही. पुण्यातील बहीण आणि न्यू जर्सीतील भाऊ मिळून नावे देऊ शकत नाहीत, एकाने बसून दुसऱ्याला व्हिडिओ कॉलवर विचारावे लागते. डेटाबेस नेटवर्कवरील डिस्कवर न ठेवता संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवावा, आणि संग्रह एक लाख छायाचित्रांच्या पुढे गेल्यास एसक्यूलाइट या साध्या डेटाबेसऐवजी मारियाडीबी या अधिक क्षमतेच्या डेटाबेसचा पर्याय पाहावा. कॅमेऱ्याच्या रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फाइली आणि व्हिडिओ यांची माहिती मूळ फाइलमध्ये न लिहिता शेजारच्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहून घ्यावी. मात्र बॅकअप घेताना त्या छोट्या फाइली मागे राहणार नाहीत, याकडे लक्ष ठेवावे.

फक्त फोनवर छायाचित्रे पाहणाऱ्या आणि शोध लागला की समाधानी असणाऱ्या माणसाला डिजिकॅम नकोसे होईल, आणि त्याने ते घेऊ नये. पण कुटुंबातील जी व्यक्ती संगणकासमोर बसून हा संग्रह पुढे सोपवण्याच्या इराद्याने लावणार आहे, तिच्यासाठी माझी शिफारस निःसंदिग्ध आहे. छायाचित्रे बाहेर पाठवताना मात्र हाच गुण उलटू शकतो, कारण लेकरांची नावे आणि घराचे अक्षांश-रेखांश फाइलसोबत जातात. त्यासाठी डिजिकॅमच्याच एकगठ्ठा प्रक्रियेच्या साधनाने प्रती काढून त्यांतील माहिती पुसावी आणि त्या प्रतीच समूहांवर टाकाव्यात.