जातीचा वेगळा पेपर की फिल्डवर्कमध्येच जात?

एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, जात, लिंगभाव, अपंगत्व शिकवायचं तर दोन वाटा आहेत: वेगळा पेपर, नाहीतर फिल्डवर्क, म्हणजे वस्तीत जाऊन करायचं प्रत्यक्ष काम.

वेगळा पेपर ठेवला की तास हक्काचे मिळतात, फुले-आंबेडकर नीट वाचून होतात. मुंबईत १९३६ साली सुरू झालेल्या टाटा समाजविज्ञान संस्थेत (टिस) पुढे दलित-आदिवासी विषयाचं स्वतंत्र एमए निघालं, ते उगाच नव्हे. घोटाळा होतो तो पेपर ऐच्छिक असला की. ज्यांनी जात भोगली तीच मुलं वर्गात बसतात, बाकीचे समुपदेशनाचा पेपर घेऊन मोकळे.

फिल्डवर्कमधून शिकवणं जास्त मुरतं. विद्यार्थी अहवालात लिहितो, ‘कुटुंब सहकार्य करत नाही.’ पर्यवेक्षकाने तिथेच थांबवावं. भेट किती वाजता दिली? अकराला? सफाई कामगार बाई पहाटे निघते, दुपारी दोनला परतते. बसलात कुठे? पाणी दिलं, ते प्यायलात का? मग तेच वाक्य खोडून पुन्हा लिहायला लावावं. लेखी परीक्षेत हे होणं नाही.

पण सगळी मदार पर्यवेक्षकावर. त्यालाच हे प्रश्न सुचले नाहीत तर अख्खं सत्र विषय निघत नाही. गटचर्चेत तर आडनाव पाहून एकाच मुलीला ‘तू सांग तुमच्याकडचं’ म्हटलं जातं. तिच्यावर शिकवण्याचं ओझं, तेही फुकट.

आमचा कल फिल्डवर्ककडे आहे, पण पेपर पहिल्याच सत्रात आणि सक्तीचा हवा. शिवाय अहवालाच्या १०० पैकी निदान १५ गुण विद्यार्थ्याने स्वतःच्या सामाजिक स्थानाबद्दल (जात, लिंगभाव वगैरे) केलेल्या नोंदीला ठेवावेत. गुण नसले की तो रकाना कोराच येतो.