बेसबॉल क्विझची निळी पेटी : पाच महिने वापरल्यानंतर, आणि जास्त करून तिच्यातल्या वाळूच्या घड्याळाबद्दल

परवा रविवारी संध्याकाळी वाळू अडकली. बाबांनी कार्ड वाचलं, मी घड्याळ उलटं केलं आणि वरच्या काचेत वाळूचा गोळा तसाच बसून राहिला. टिचकी मारली, चार दाणे पडले, परत ठप्प. तेव्हाच ठरवलं की आता लिहायचं.

ज्यांच्याकडे ही पेटी आहे त्यांना वर्णनावरून कळेलच: निळी, चारशे कार्डं, मागे क्यूआर कोड, सोबत तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ. कंपनीचं नाव लिहीत नाही, आमचं बोलणं अजून मिटलेलं नाही. मार्चअखेर, सीझन सुरू व्हायच्या तोंडावर, सेलमध्ये चौतीस डॉलरला घेतली. आम्ही लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला राहतो. सासरे, म्हणजे बाबा, सांगलीहून सहा महिन्यांसाठी येणार होते, घरात रोज डॉजर्सची, म्हणजे इथल्या बेसबॉल टीमची, मॅच चालू असते, आणि त्यांनी नुसतं बघत बसू नये असं मला वाटत होतं.

लाल आणि पिवळी कार्डं, म्हणजे कोणी किती होम रन मारले आणि कुणाची सरासरी किती, ती आम्ही दहा दिवसांत बाजूला ठेवली. आकडे फोनवर मिळतात. त्यातलं एकच बाबांना आवडलं, स्कोअरकार्डावर स्ट्राइक-आउटला (तीन स्ट्राइक होऊन बॅटर बाद झाला की) ‘के’ का लिहितात ते. ही पद्धत हेन्री चॅडविकची. माणूस जन्माने इंग्लंडचा, अमेरिकेत आधी क्रिकेटच्या बातम्या लिहायचा. स्ट्रक या इंग्रजी शब्दाचं शेवटचं अक्षर त्याने उचललं. “म्हणजे आपलाच माणूस,” बाबा म्हणाले.

पेटीचा जीव हिरव्या कार्डांत आहे, समालोचकांच्या. ५ ऑगस्ट १९२१, पिट्सबर्गचं केडीकेए केंद्र, हॅरल्ड आर्लिन, पायरेट्स विरुद्ध फिलीज: मेजर लीगची, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगची, रेडिओवरची पहिली मॅच. पायरेट्स ८-५ ने जिंकले. इथून ती कार्डं सुरू होतात, आणि मग एकेक असं निघतं की जेवण गार होतं. १९४८ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सना अटलांटाचा समालोचक अर्नी हारवेल हवा होता. अटलांटावाल्यांनी त्याच्या बदल्यात चक्क एक कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखा खेळाडू) मागून घेतला, क्लिफ डॅपर. बाबांनी ते कार्ड दोनदा वाचून घेतलं आणि सांगलीला फोन करून काकांना सांगितलं. रोनाल्ड रेगन तरुणपणी आयोवातल्या डे मॉइन शहरातल्या रेडिओवर तारेने आलेल्या त्रोटक मजकुरावरून शिकागो कब्ज टीमची मॅच डोळ्यांसमोर असल्यासारखी सांगायचे. एकदा तारच बंद पडली, तेव्हा त्यांनी बॅटरला एकामागून एक फाउल, म्हणजे रेषेबाहेर जाणारे फटके, मारायला लावून कितीतरी मिनिटं काढली. हा किस्सा ते स्वतः पुढे अनेकदा सांगत.

आता घड्याळ. सुरुवातीला मला ते पेटी भरलेली दिसावी म्हणून टाकलंय असं वाटलं होतं. तीन मिनिटं एका प्रश्नाला कोण घेतं? मग रेड बार्बरचं कार्ड निघालं. बार्बर मूळचा दक्षिणेतला, आवाज संथ. आधी सिनसिनाटी, मग १९३९ पासून ब्रुकलिन. तो माइकजवळ अंडी उकडताना लावतात तसलं तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवायचा. वाळू संपली की स्कोअर सांगायचा आणि घड्याळ उलटं करायचा. बोलण्याच्या भरात स्कोअर सांगायचा राहून जातो, आणि ज्याने आत्ता रेडिओ लावलाय त्याला काही कळत नाही, म्हणून.

बाबा हे ऐकून उठून बसले. “अगं, आम्ही काय करायचो माहितेय? कारखान्यातून सुटलो की टपरीवर सायकल टेकवायची आणि पहिलं विचारायचं, स्कोअर काय झाला? रेडिओ चालू असायचा, पण स्कोअर कधी सांगतील याचा नेम नाही. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन लागलं की सगळी टपरी गप्प.” त्या दिवसापासून घड्याळ त्यांच्याकडे. पेटीतला खेळ राहिला बाजूला, टीव्हीवर मॅच लागली की ते घड्याळ शेजारी ठेवून बसायचे.

आणि म्हणूनच मला त्या घड्याळाचा राग येतो. फोनचं स्टॉपवॉच लावून मी ते दहा वेळा मोजलं. एकदाही तीन मिनिटं भरली नाहीत. सगळ्यात जास्त दोन मिनिटं एकेचाळीस सेकंद, कमीत कमी दोन पस्तीस. ज्या पेटीत बार्बरचं कार्ड आहे त्या पेटीतलं घड्याळ खोटं बोलतं, हे मला चालत नाही. कंपनीला मे महिन्यात लिहिलं. उत्तर आलं की घड्याळ शोभेसाठी आहे, वेळेची हमी नाही. मग बॉक्सवर तीन मिनिटं का छापलंत, असं विचारलं. त्यावर तीन आठवडे काही नाही, आणि नंतर नवी पेटी वीस टक्के सवलतीत घ्या असा प्रस्ताव. एका घड्याळासाठी मी सत्तावीस डॉलर परत का घालू? सुटं घड्याळ द्या, पोस्टाचा खर्च मी देते, इतकं साधं लिहिलं. सुटे भाग विकत नाही म्हणे. परवा ते बंदच पडलं. जोडाच्या ठिकाणी काचेला बारीक चीर आहे, तिथून दमट हवा जाऊन वाळूची ढेकळं झालीत.

दुसरी तक्रार याहून मोठी होती. कार्ड असं: १९८८ च्या वर्ल्ड सिरीजची, म्हणजे सीझनच्या अंतिम मालिकेची, पहिली मॅच, १५ ऑक्टोबर, नववी इनिंग, दोन आउट, पाय दुखावलेला कर्क गिब्सन बदली बॅटर म्हणून आला आणि डेनिस एकर्स्लीला होम रन मारून डॉजर्सना ५-४ ने जिंकून दिलं. प्रश्न: डॉजर्सच्या रेडिओवर तेव्हा कोण होतं? मागे उत्तर छापलंय व्हिन स्कली. साफ चूक. स्कली त्या दिवशी एनबीसीच्या टीव्हीवर होते. देशभरच्या सीबीएस रेडिओवर जॅक बक, ज्यांचं आत्ता जे पाहिलं त्यावर विश्वास बसत नाही हे वाक्य गाजलं. डॉजर्सच्या स्वतःच्या रेडिओवर होते डॉन ड्रायस्डेल, त्यांचेच जुने पिचर. मी हे व्यवस्थित लिहून पाठवलं. “आमची सगळी उत्तरं तपासलेली आहेत” असं एका ओळीचं उत्तर आलं.

मला हे एवढं का लागलं ते सांगते. स्कलींच्या नावावर नसलेलं काही लावायची गरजच नाही. १९५० ते २०१६, सदुसष्ट सीझन एका टीमबरोबर. बहुतेक वेळ माइकवर एकटेच. मुंबईचे क्रिकेट समालोचक बॉबी तल्यारखानही असेच दिवसभर एकट्याने समालोचन करायचे, असं बाबा म्हणाले. १९५८ मध्ये डॉजर्स लॉस एंजेलिसला आले तेव्हा कोलिसियमच्या मैदानात खेळायचे. मैदान इतकं अवाढव्य की लोक समोरची मॅच बघतानाही ट्रान्झिस्टर कानाला लावायचे. १९६० मध्ये अंपायर फ्रँक सेकोरींचा वाढदिवस होता. स्कलींनी रेडिओवरून एक, दोन, तीन म्हटलं आणि अख्खं स्टेडियम एका आवाजात शुभेच्छा ओरडलं. आणि गिब्सनच्या त्या होम रनला, चेंडू गेला एवढं म्हणून ते मिनिटाहून जास्त गप्प राहिले. नुसता गर्दीचा आवाज. त्या कार्डाचा क्यूआर टीव्हीच्या क्लिपवर जातो, तेव्हा ती शांतता पूर्ण ऐकायला मिळते. बाबांना वाटलं फोन बंद पडला.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि दोन तारे द्यायचे ठरवले होते. बुधवारी पोस्टात पांढरं पाकीट आलं. आत एकच हिरवं कार्ड, नव्याने छापलेलं, उत्तर डॉन ड्रायस्डेल. मागे पेनाने लिहिलेलं: तुमचं बरोबर होतं, पुढच्या छपाईत दुरुस्त केलंय. मी ते कार्ड बराच वेळ हातात धरून बसले. कुणीतरी तिथे बसून खरंच शोधलं, मान्य केलं आणि तिकीट लावून पाठवलं. तारे तीन केले. घड्याळाबद्दल पाकिटात अक्षर नव्हतं, म्हणून चौथा देत नाही.

नवीन घेणाऱ्यांसाठी: क्यूआर कोडपैकी पाच-सहा आता उघडत नाहीत, पण बॉबी थॉमसनच्या होम रनचा चालतो, तो नक्की ऐका. ३ ऑक्टोबर १९५१, रेडिओवर रस हॉजेस जायंट्स जिंकल्याचं परत परत ओरडताहेत. हे ध्वनिमुद्रण राहिलं ते ब्रुकलिनमधल्या एका श्रोत्यामुळे. त्याला कामावर जायचं होतं, म्हणून त्याने आईला टेपरेकॉर्डरचं बटण दाबायला सांगितलं होतं. टीव्हीवर त्याच वेळी वर सांगितलेले अर्नी हारवेल बोलत होते, आणि त्यांचं एक अक्षर राहिलं नाही. पूर्ण किमतीत पेटी घेऊ नका. सेलमध्ये, हिरव्या कार्डांसाठी, जरूर घ्या.

घड्याळ मी शेवटी एका डॉलरच्या दुकानातून आणलं, सव्वा डॉलर. मोजलं: तीन मिनिटं दोन सेकंद. काल रात्री दहाच्या सुमारास नवरा कामावरून आला, दारात बूट काढत होता. वाळू संपली. बाबांनी घड्याळ उलटं केलं आणि मान न वळवता खणखणीत आवाजात सांगितलं, “डॉजर्स चार, पाद्रेस दोन, आठवी इनिंग, एक आउट.”